मेलेल्या वालाचं बिरडं

रघुनाथ सरांनी पेणच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलं, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं हा रोग त्यांना फार पूर्वीच जडला होता. निवृत्तीनंतर तो निडी गावातल्या त्यांच्या शेतापर्यंत पसरला. शेत सरांचं, राबायची हौसा. भातानंतरच्या ओलीवर ती वाल पेरायची. बी तिच्या सासूपासून चालत आलेलं, दरवर्षी राखेत घोळून मडक्यात जपलेलं. गावात तसं बी आता दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

यंदा सरांनी फर्मान काढलं. पेंढा विकायचा नाही, गुरांना घालायचा नाही, बारीक करून ओल्या मातीत गाडायचा आणि वर लगेच वाल टाकायचा. जमिनीला फुकटचं खत! हौसा म्हणाली, तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणाल तसं. सरांची छाती जी फुगली ती पेण येईस्तोवर उतरली नाही.

अर्धा वाल उगवलाच नाही. उगवला तो पिवळा, खुरटा, मुळं आखडलेली. सर बांधावर उभे राहिले आणि विचारात पडले. आपलं काही चुकलं असेल हा विचार सोडून बाकी सगळे विचार त्यांनी केले. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "हौसा, तुझं बी मेलंय. उरलेलं ठेवू नकोस, पुढल्या वर्षी दुकानातलं आणू."

हौसा नुसती खाली मातीकडे बघत राहिली.

ते बघणं सरांना घरी जेवू देईना. हौसानं मागे वानवळा म्हणून दिलेले त्याच बियाचे वाल डब्यात होते. त्यांनी दोन वाट्यांत कापडावर वाल मांडले, एकीत नळाचं पाणी, दुसरीत पेंढा कुजवलेलं तांबूस पाणी. ओट्यावर असा वास सुटला की सरांच्या पत्नी सुनीतीबाईंनी दोन दिवस स्वयंपाकघरात नाक धरून वावर केला. नळाच्या पाण्यातल्या वालांना झकास मोड आले. पेंढ्याच्या पाण्यातले निपचित पडून होते. ओला पेंढा कुजताना आम्लं सुटतात, ती कोवळी मुळं जाळतात. पेंढा आधी नीट कुजू द्यायचा, मग पेरायचं. हे पुस्तकात होतं की! परीक्षेला येत नाही म्हणून सर दरवर्षी ते पान गाळत आले होते.

पहिल्या गाडीनं त्यांनी निडी गाठली. हौसा ओटीवर परात घेऊन बसली होती. मडक्यातलं उरलंसुरलं बी भिजवून, मोड आणून, बिरड्यासाठी सोलत होती. अर्धी परात सोलून झाली होती.

सर मट्‌कन खाली बसले. "थांब गो. बी जितं होतं. पेंढ्यानं मारलं, म्हणजे मीच मारलं."

हौसानं हातातल्या दाण्याकडे पाहिलं. चांगला बोटाच्या पेराएवढा मोड होता.

"मोड बघून मला वाटलं व्हतं, जितं हाय," ती म्हणाली. "पण तुम्ही मेलंय म्हणालात ना, सर."

सरांना रडू आवरेना. एवढा विश्वास त्यांच्यावर शाळेतल्या एकाही पोरानं टाकला नव्हता, आणि तेच बरं झालं होतं. त्यांनी न सोललेले वाल एकेक करून धोतराच्या सोग्यात वेचले. मोड दुखावू नयेत म्हणून श्वास रोखून वेचले.

मग उभे राहून तोंड उघडलं, मिटलं, आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "हौसा, कुठं लावायचे?"