वाढता मुक्काम

"तू जा. मी ऱ्हातो," सयाजी म्हणाला आणि काटकीनं पुन्हा राख उकरू लागला.

हंबीररावाच्या हातातली वळकटी तशीच राहिली. दोघं एका गावचे, एकाच पलटणीतले. एकाहत्तरच्या लढाईनंतर दोघंही पेन्शनीत आले, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात कोयनेच्या रानात येऊ लागले. कोयता, दोर, ताडपत्री आणि थोडा तांदूळ घ्यायचा, बाकी रान देईल त्यावर भागवायचं. पलटणीत शिकलेली ती विद्या अंगातून जाता जात नव्हती. नियम एकच होता: अंगात ताकद आहे तोवर माघारी फिरायचं. पहिल्या वर्षी दोन रात्रींत परतले होते. पण सयाजी दर खेपेला मुक्काम वाढवत गेला, आणि या खेपेला तर आठवडा कधीच उलटून गेला होता.

"तांदूळ संपलाय, गड्या. काल कंद उकरताना अंग भाजत व्हतं तुझं. ताप हाय तुला."

"न्हाई."

"माझा ऊस तोडाया टोळी यायची हाय. मला गेलंच पायजे."

"म्हनून तर म्हन्तो, जा."

"आन् तू कवा येनार?"

सयाजीची नजर झाडांच्या पलीकडं कुठंतरी लागली होती. हंबीररावानं दंडाला धरून त्याला उठवायला पाहिलं, तशी सयाजीनं त्याला असा काही ढकलला की तो मागच्या मागं बसला. सबंध नोकरीत दोघांत कधी हात उचलला गेला नव्हता.

"मर मग हितंच!" हंबीरराव ओरडला आणि वाटेला लागला.

एस.टी.त चढेपर्यंत राग टिकला. पाटण मागं पडलं तसा तो ओसरला. गावात उतरल्यावर त्याचे पाय स्वतःच्या घराकडं वळलेच नाहीत. सयाजीची बायको, चंद्राबाई, अंगणात शेंगा निवडत होती. तिनं हंबीररावाच्या पाठीमागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"भावजी, एकलंच आलासा?"

त्यानं सगळं सांगितलं. ढकलल्याचंही. सूप बाजूला ठेवून ती एवढंच म्हणाली, "त्येन्ला ताप हाय, आन् तुमी सोडून आला?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दोघं निघाली. उसाचं काय ते हंबीररावाच्या भावानं बघायचं ठरलं. चंद्राबाई उभ्या जन्मात त्या रानात गेली नव्हती. पदर खोचून ती चालत होती. काट्यांनी हात ओरबाडले तरी तिनं थांबायचं नाव घेतलं नाही.

मुक्कामाच्या जागी राख थंड पडली होती. ताडपत्रीची नीट घडी करून वर दगड ठेवलेला. आणि सयाजीचा कोयता झाडाच्या बुंध्यात रुतवलेला. हंबीररावानं तो उपसून हातात घेतला. कोयत्याशिवाय सयाजी रानात पाऊल टाकत नसे. माघारी यायचंच नसेल तरच माणूस असं आवरून जाईल, हे हंबीररावाच्या मनात आलं. चंद्राबाईनं त्याचं तोंड पाहिलं आणि ओळखलं.

"कुठनं हुडकायचं?" तिनं विचारलं.

ताडपत्री खांद्यावर टाकून हंबीरराव निघाला, आणि ओढ्याच्या कडेनं दोघं खाली सरकू लागली. एका वारुळापाशी अस्वलानं माती उकरली होती, अजून ओलसर. हंबीररावानं हाका मारल्या. त्याचा आवाज दरीत जायचा आणि विरून जायचा. चंद्राबाईही ओरडत होती, "आवं! आवं, ऐकताय न्हवं?" वारा तेवढा वाजत होता. उन्हं डोक्यावर आली. मग ती एका खडकावर चढली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि लग्नापासून जे नाव तिच्या ओठावर कधी आलं नव्हतं ते घेतलं. "सयाजी! सयाजीऽऽ!"

खालून बारीक शीळ आली.

तो कड्याच्या पायथ्याशी पडला होता. एक पाय दोन दगडांत अडकून पिरगळलेला, ओठ फुटलेले, अंग तापानं फणफणलेलं. हंबीररावानं दगड सरकवला. चंद्राबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन थोडं थोडं पाणी पाजलं.

"पान्याला उतरलो, आन् पाय निसटला," सयाजी पुटपुटला.

हंबीररावाला तेवढ्यावर भागवायचं होतं. चंद्राबाईला नाही.

"मग कोयता वर का ठेवला?"

"ठाव न्हाई," तो म्हणाला. मग तिच्याकडं न बघता बोलू लागला. "घरात डोळा लागत न्हाई, चंद्रा. मिटला की ती पोरं दिसत्यात, आमच्या खंदकातली. हितं झोप येती. म्हनून वाटतं आज ऱ्हावं, उद्याबी ऱ्हावं. कालपास्नं वाटाय लागलं, जावंच कशाला?"

"येवढी वरसं बोलला न्हाईसा."

"काय बोलू?"

"ह्येच."

हंबीररावानं तोंड फिरवलं. तीच पोरं त्यालाही ठाऊक होती. त्यानंही हा विषय कधी काढला नव्हता.

दोन सरळ फांद्या तोडून त्यानं ताडपत्रीची डोली बांधली. पुढं तो, मागं चंद्राबाई. चढावर तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. "टेकू का?" त्यानं विचारलं की ती म्हणायची, "चला." कराडच्या सरकारी दवाखान्यात पायाला प्लास्टर झालं. तो हिवाळा घरीच गेला, पुढचाही. सयाजी ओट्यावर बसून असायचा, आणि आठवेल तसं एकेक बायकोला सांगायचा. कधी हंबीररावही शेजारी येऊन बसायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात तिघं रानात गेली. एकच रात्र राहायचं असं सयाजीनंच ठरवलं होतं. सकाळी हंबीररावानं सामान बांधलं आणि त्याला उठवायला वाकला. सयाजी तोंड उघडं टाकून, हातपाय पसरून गाढ झोपला होता. चंद्राबाईनं चुलीपाशी बसूनच हंबीररावाला हातानं थांबवलं.

"गाडी चुकंल की, वैनी," तो कुजबुजला.

"चुकू द्या," ती म्हणाली, आणि तिनं चहाला आणखी पाणी ठेवलं.