दोन नावांची सून

रत्नाचा फोन लिस्बनहून आला तेव्हा सुमंगलाकाकी धारगळच्या घरापुढे पोदेराकडून पाव घेत होत्या.

"आई, ह्यांचा नागरिकत्वाचा अर्ज घेतला. माझा अडकला."

पोर्तुगीजची परीक्षा ती पास झाली होती, पोलिसांचा दाखलाही जोडला होता. पण जन्मनोंदीत नाव शेवंती आणि पासपोर्टात रत्ना. लग्नात सुनेचं नाव बदलतात हे तिथल्या कचेरीला कुठून ठाऊक असणार? त्यांना त्या दोन वेगळ्या बायका वाटल्या. महिनाभरात पुरावा गेला नाही तर अर्ज बाद.

काकी त्याच दिवशी पेडण्याला वकील प्रतीक्षाकडे गेल्या. "जन्मनोंदीत रत्ना घालून घे, म्हणजे मिटलं."

"काकी, त्या नोंदीला हात लावायचा नाही. मग शाळेचा दाखला जुळणार नाही, आणखी दहा प्रश्न निघतील. लग्नाच्या रजिस्टरात तिने माहेरच्या नावाने सही केलीय, त्याची नक्कल काढू. सोबत नाव बदलणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र."

"म्हणजे माझं."

"हौस तुमचीच होती ना?"

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव काढलं त्यांच्या मुलाने, काशिनाथने, पण ठरवलं होतं काकींनी. शेवंती त्यांना जुनाट वाटलं होतं. स्वतः काकी माहेरच्या आनंदी. सासूने सुमंगला केलं, आणि थोरला भाऊ गेल्यापासून त्यांना आनंदी म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

प्रतीक्षा मजकूर वाचू लागली. काकींनी तिला थांबवलं. "तिला न विचारता बदललं, असं लिही."

"त्याची कायद्याला गरज नाही."

"असूं दे गो. खरं तें लिही."

नोटरीपुढे सही झाली. दोन्ही कागदांवर परदेशात चालणारा अपोस्टिलचा शिक्का घेतला, पोर्तुगीज भाषांतर जोडलं आणि कुरियरने पाठवलं. मुदतीला चार दिवस असताना ते पोचलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. "आई, अर्ज घेतला. तुमचा कागद मी दोनदा वाचला."

"बरं झालं, शेवंती," काकी म्हणाल्या.

पलीकडे रत्ना हसली. "आता रत्नाच म्हणा हां, आई. एवढे शिक्के मारून घेतलेत त्या नावासाठी."