उपाशीपोटीचं रक्त

लखूचं हर्नियाचं ऑपरेशन उरकायचं आणि भात पिकायच्या आत गावी, अणशीला परतायचं, एवढं एकच काशीच्या डोक्यात होतं. शेत रानाला लागून. दाणा भरला की रानडुकरं वास काढत येतात, आणि माळ्यावर बसून रात्रभर डबा बडवणारं कुणी नसलं तर सकाळी कापायला काही उरत नाही. राखण शेजारच्या वासूवर टाकली होती. पण वासूचंही शेत होतं, आणि माणूस आधी आपलंच राखतो. त्यात त्याचा दोष नाही.

शहरातला दवाखाना मोठा, चकचकीत आणि रक्ताचा भारी शौकीन. भरती होताना खाली रक्त घेतलं. वॉर्डात आल्यावर तेच पुन्हा घेतलं, कारण खालचा रिपोर्ट वर पोचला नव्हता. मग साखरेची तपासणी उरली, ती उपाशीपोटी. रात्रीपासून काही खायचं नाही असं बजावल्यावर लखूनं ते देवाच्या उपासासारखं पाळलं. काशीला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण नवरा उपाशी असताना तिच्याही घशाखाली घास उतरेना.

सकाळी रात्रपाळीची सुनयना सिस्टर सुई घेऊन आली. मंगळूरकडची, कामाला चटपटीत. तिनं कन्नडमध्ये विचारलं, "अज्जा, ऊट आयता?" आजोबा, जेवण झालं का?

"आयतु, आयतु," लखू म्हणाला.

काशीनंही मान डोलावली. "झालं की बाय, आत्ताच."

आता अणशीकडे, जोयड्याच्या रानात कुणी जेवलास का विचारलं की जेवलो म्हणायचं, मग पोटात कावळे का ओरडेनात. नाही म्हटलं की समोरच्या बाईला चूल पेटवावी लागते. म्हणजे ते मागून खाणंच झालं, आणि त्याची लाज जन्मभर पुरते. काशीनं आपल्या पोरांना चालायच्या आधी हे शिकवलं होतं.

सिस्टरनं रक्त घेतलं, नळीवर 'जेवणानंतर' असं लिहिलं आणि म्हणाली, "उद्या परत घेऊ. रात्री काही खायचं नाही हां!"

"न्हाई खात," लखू म्हणाला, आणि खरंच खाल्लं नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना उपाशीपोटीचाच आकडा हवा होता. रोज सकाळी तोच प्रश्न, तेच उत्तर आणि तीच सुई. लखूचा हात काळानिळा पडला. रक्तात काहीतरी वाईट सापडलंय आणि आपल्याला सांगत नाहीत, असं काशीला वाटायला लागलं. ती मनातून पार हादरली होती, पण विचारायची छाती होईना.

एका सकाळी रक्त घेऊन झाल्यावर सिस्टर खाटेच्या कडेला टेकली. तोंड अगदी उतरलेलं. काशीला तिची कीव आली.

"बाय, तुझं जेवाण झालं?"

"आयतु," सिस्टर म्हणाली आणि थबकली. कालच्या दुपारपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. ती लखूकडे वळली. "अज्जा, खरं सांगा. आज काय खाल्लंत?"

"काय न्हाई."

"काल सकाळी?"

"काल बी न्हाई."

"मग झालं म्हणून का सांगता?"

लखू ओशाळला. "तू कामात असतीस. तुला कशाला तरास?"

सिस्टर उठली ती थेट वॉर्डाच्या डॉक्टर प्रज्योतकडे गेली. त्यानं सगळे रिपोर्ट एकत्र मांडले. साखर पहिल्याच दिवशी चांगली आली होती. पोटभर जेवून इतकी कमी आली असती तर ती जास्तच चांगली म्हणायची. दुसऱ्यांदा सुई टोचायचं काही कारणच नव्हतं. 'जेवणानंतर' हे सगळ्यांनी वाचलं होतं, त्याच्याखालचा आकडा कुणीच वाचला नव्हता.

तो स्वतः खाटेपाशी आला. "चूक आमची झाली, मामा. पण ऑपरेशनचे डॉक्टर काल येऊन गेले, ते आता पुढच्या आठवड्यात येतील. तोवर हे रिपोर्ट जुने होणार. सगळं रक्त नव्यानं घ्यावं लागेल."

काशी हात जोडून काही बोलणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. वासू होता.

"वैनी, राती कळप आला. मी माझ्याकडचा हाकलीत हुतो, तवर तुमच्यात घुसला. काय बी ऱ्हायलं न्हाई बगा."

तिनं लखूला सांगितलं. सांगताना तिला रडू आवरेना, म्हणून तिनं पाठ फिरवली.

"मग थांबाल ना, मामा?" डॉक्टरनं विचारलं.

"थांबतो की," लखू म्हणाला आणि हात पुढे केला. "आता घाई न्हाई."

डॉक्टरला हायसं वाटलं. इतका समजूतदार पेशंट क्वचितच मिळतो, असं तो जाता जाता सिस्टरला म्हणाला.