सासूचं नाव

"बाई, फोटो चिकटवायला चौकट पन हाय!" गंगुबाईने कागद हवेत नाचवला, आणि वर्गातल्या बाराही कोळणी एकदम बोलायला लागल्या.

परळच्या बुद्धविहारातला हा प्रौढशिक्षणाचा वर्ग दुपारी दोनला भरायचा. सकाळचा बाजार उरकलेला आणि संध्याकाळचा अजून लागायचा असे, त्या मधल्या वेळात शिवडीच्या या बायका पाट्या दाराशी ठेवून आत येत. मागोमाग मासळीचा वासही येई. शिकवणाऱ्या कौसल्याबाईंनी त्यावर कधी नाक मुरडलं नाही. संपाआधी त्या स्वतः गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या, आणि पाळी सुटली की गिरणीच्या भिंतीलगत बसणाऱ्या याच बायकांकडून मासळीचा वाटा घेऊन घरी जात. संपाला आता सहा वर्षं झाली होती. गिरणी बंद पडली, तरी बायका भिंतीला होत्याच.

कागद आणला होता धोंडूने. तोही जुना गिरणीकामगार. आता बंद गिरणीच्या फाटकावर बसून मालकांचे निरोप पोचवायचा. माणूस वाईट नव्हता, पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढा धडा त्याने संपातून घेतला होता.

"भिंतीला बसणाऱ्या प्रत्येकीला आता कार्ड मिळणार, कौसल्याताई," तो म्हणाला. "कोणी उठवणार नाय. खाली सही मारली की झाला काम."

नेमके त्याच दिवशी पर्यवेक्षक हेरंब दाबके तपासणीला आले होते. बारांपैकी आठ जणींना सही आणि वाचन आलं तरच वर्ग पुढच्या वर्षी चालणार होता. दाबके गिरगावचे, सरळमार्गी गृहस्थ. फक्त कौसल्याबाईंची शिकवण्याची तऱ्हा त्यांना पटत नसे. नेमलेलं पुस्तक बाजूला ठेवून ही बाई निवडणुकीची पत्रकं नि गोडेतेलाच्या जाहिराती वाचायला देते, आणि वर विचारते, "हे कोण बोलतंय? काय बोलायचं टाळतंय?" अशाने पुस्तक संपायचं कधी!

आज मात्र कौसल्याबाईंनी ते प्रश्न गिळले. खऱ्या कागदावर बारा खऱ्या सह्या, त्याही दाबक्यांच्या डोळ्यांदेखत! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. त्या मनातून हरखल्या. "सावकाश करा गं," एवढंच म्हणाल्या.

सही ही या बायकांची भारी हौस. अंगठा सुटल्यापासून त्या दिसेल तिथे सही करत. गंगुबाईने तर बर्फाच्या पेटीवरही केली होती. पेनं लगेच सरसावली.

मागे राहिली ती पुतळाबाई. साठी उलटलेली, वर्गात सगळ्यांत ढ. बोट ठेवून ती एकेक अक्षर लावत होती. "मा-ल-कां-च्या... पर-वा-न-गी-ने... तीन वर्-षां-पा-सून... ता-त्पुर-ती..."

"पुतळाबाई, सही खाली करायचीय," कौसल्याबाई जरा घाईने म्हणाल्या.

"थांब गो बाई." पुतळाबाईने मान वर केली. "ह्ये कोन बोलतंय?"



"अर्ज आहे ना आजी, तुम्हीच बोलताय," दाबके मध्ये पडले.

"मी? मी कशाला असं बोलंन? म्हनं तीन वर्सं! या भितीला माजी सासू बसायची. तिच्या मागनं चाळीस वर्सं मी बसते. मालकाची परवानगी कवा घेतली आमी? माजी सासू कुटं हाय यात?"

कौसल्याबाईंची कानशिलं तापली. संप फिसकटल्यावर फाटकाशी त्यांनीही एका कागदावर सही केली होती, मोत्यासारख्या अक्षरात. 'स्वखुशीने काम सोडत आहे.' त्या सातवी शिकलेल्या. वाचूनच सही केली होती. खुशी कुणाची, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. त्या एका कागदापायी त्यांनी हे प्रश्न वर्गात आणले होते, आणि आज एका तपासणीपायी ते गिळून बसल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि पुतळाबाईचा अभिमान वाटला. डोळे भरून आले.

"पेनं खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून वाचू."

शेवटच्या ओळीला सगळ्या पोचल्या: सांगितले जाईल तेव्हा जागा सोडीन. गंगुबाईची सही अर्धी झाली होती. तिने ती एवढ्या रागाने खोडली की कागद फाटला.

"मी आपला निरोप्या, ताई," धोंडू पुटपुटला. "मला काय ठाऊक आत काय लिवलाय?"

"मग बसा धोंडूभाऊ, तुम्हीही वाचा." आणि धोंडू खरंच चप्पल काढून बसला.

बायकांनी कोरे कागद मागितले. आपली हकिकत आपणच लिहायची, असं ठरलं. सगळ्यांनी मिळून वाक्य जुळवलं आणि कौसल्याबाईंनी ते फळ्यावर लिहिलं: माझ्या आधी या भिंतीला अमुक बसायची. अमुकच्या जागी जिने तिने आपल्या सासूचं नाव घालायचं. इथे पुतळाबाई अडली. तिने जन्मात सासूचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. आय म्हटलं की भागायचं.

"सखुबाई," तिच्या वतीने गंगुबाईने सांगितलं.

"म्हातारी वरनं रागवंल काय गो?"

"तोंडानं नको घेऊस. हातानं लिव."

कौसल्याबाईंनी अक्षरं काढून दिली. पुतळाबाईने जीभ दातांत धरून ती गिरवली, मग कागदावर उतरवली. त्याखाली स्वतःची सही केली.

दाबक्यांनी तपासणीचा तक्ता पुढे ओढला. "या कागदावरची सही धरतो मी. आता वाचून दाखवा, आजी."

पुतळाबाईने बोट ठेवलं. "माज्या आधी या भितीला..." आणि ओठ मिटले.

"पुढे?" दाबक्यांचं पेन फुली मारायला टेकलं.

पुतळाबाई बोलेना. तिचं बोट त्या नावाखालून हळूहळू सरकत गेलं, 'बाई'तल्या शेवटच्या ईपर्यंत. मग तिने ओठ उघडले.

"...बसायची."

दाबक्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलं. मग त्यांनी पेन उचललं आणि वाचनाच्या रकान्यात, तिच्या नावापुढे, बरोबरची खूण केली.