चार पन्नास ते पाच

ताईने डब्याचं झाकण उघडून आतल्या सेफ्टी पिना, शाईचं पॅड, दोन पेनं आणि शिक्का दाखवला. गेटवरच्या बाईने सगळं नीट पाहिलं, झाकण लावलं, डबा परत दिला आणि म्हणाली,

"हे ठीक. पास?"

"अहो, मी इथलीच आहे."

"इथले सगळे असंच म्हणतात. सकाळपासून तुम्ही चौथ्या."

खरं तर ताईला राग यायला हवा होता. पण तिला त्या बाईचं कौतुकच वाटलं. हेच वाक्य तिने स्वतः याच दारात एकोणीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. आज आपल्याला ऐकायची पाळी आली, एवढंच. ती बाजूला झाली आणि जिन्यापाशी ठेवलेल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली.

समोर नवी यंत्रं चालू होती. पास टेकवला की हिरवा दिवा, काच बाजूला, माणूस आत. ना कुणी नाव विचारत होतं, ना "काय रे, मागच्या वर्षी एवढं पोट नव्हतं" असं म्हणत होतं. रांग कशी भराभर सरकत होती. ताईच्या वेळी ती जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत जायची आणि लोक कुरकुरायचे. पण त्या रांगेतच तर सगळ्यांच्या ओळखी व्हायच्या.

धाकट्या भावाने माहिती-सुरक्षेची ही परिषद काढली तेव्हा ताई खालच्या ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर होती. वरचा हॉल मिळाला तो तिच्या शब्दावर. पहिल्या वर्षी माणसं आली बत्तीस, त्यातली सहा पंखा आहे म्हणून बसली होती. आता साडेचारशे येत. धाकट्याचेही केस पिकले, पण ताईसाठी तो धाकटाच.

"यंदा तू दारात बसायचं नाहीस," त्याने महिन्यापूर्वी फोनवर बजावलं होतं. "गुडघे बघ तुझे. यंदा मजेत आत बसायचं आणि ऐकायचं."

सगळ्यांचे पास जुन्या नोंदवह्यांवरून केले होते. जो जो आजवर आला होता, त्याचं नाव त्यांत होतंच. वह्या ताईच्या अक्षरात होत्या, आणि लिहिणारी स्वतःचं नाव कशाला लिहील? कुलपांमधल्या चुका शोधण्यात आयुष्य घालवलेल्या लोकांच्या हे लक्षात येऊ नये, म्हणजे कमालच. ताईने पर्समधून फोन काढला. धाकट्याचा नंबर लावला नाही. मागून घेतलेला मान काय कामाचा, असं म्हणून तिने फोन परत ठेवला. डोळे मात्र थोडे भरून आले, आणि तिने ते पुसलेही.

पहिल्याच वर्षी धाकट्याने एक खेळ ठेवला होता. जगाची दारं तपासणाऱ्यांची परिषद, मग तिचं स्वतःचं दार नको तपासायला? जो कुणी पासाशिवाय, ताईची नजर चुकवून आत येईल, त्याला शेवटी मंचावर दहा मिनिटं. कार्यक्रमपत्रिकेत दरवर्षी ओळ छापलेली असे: चार पन्नास ते पाच, राखीव.

काय काय करून आले लोक! एकजण शिडी घेऊन आला, म्हणाला, ट्यूब बदलायचीय. ताई म्हणाली, "कुठली? नंबर सांग." हॉलमधल्या ट्यूबना तिनेच नंबर घातले होते. दुसरा प्रमुख पाहुण्यांचा ड्रायव्हर होऊन आला, पण पाहुणे रिक्षाने आले होते. एकीने पोटाला उशी बांधली आणि धापा टाकत आली. ताईने तिला हाताला धरून बसवलं, आईच्या मायेने विचारपूस केली आणि शेवटी म्हणाली, "बाळ, उशीचा अभ्रा दिसतोय." एकजण फोनवर ढसाढसा रडत आला. त्याला पाणी मिळालं, स्टूल मिळालं आणि दिवसभर दाराबाहेरची जागा मिळाली. संध्याकाळी समारोपात धाकटा किती वर्षं झाली आणि किती जण आत शिरले, असा आकडा जाहीर करायचा, दहा-शून्य, चौदा-शून्य. मागच्या वर्षी एकोणीस-शून्य झालं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती दहा मिनिटं मात्र दरवर्षी चहात जायची.

"अहो ताई! अशा बाहेर काय बसलाय?"

आयोजकांपैकी एक, ज्याला सगळे दाढी म्हणत, तो कपांचं खोकं कमरेवर तोलत बाजूच्या दारापाशी आला होता. त्याने आपला पास टेकवला, दिवा हिरवा झाला. पायाने दार अडवून तो म्हणाला,

"या, या. इकडून या, गर्दी नाही."

दार कुणासाठी धरून ठेवायचं नाही, सख्खी आई आली तरी नाही, हे ताईनेच त्याला सतरा वर्षांपूर्वी शिकवलं होतं. 'गाढवा, हे काय करतोयस' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले, खोक्याचं दुसरं टोक धरलं आणि आत गेली.

एकोणीस वर्षांत तिने हॉल पाहिला होता तो रिकामा, खुर्च्या मांडताना आणि आवरताना. भरलेला कधीच नाही. शेवटच्या रांगेत खांबामागे एक खुर्ची होती. तिथे कुणी बसत नसे, कारण तिथून मंच दिसत नाही. ताई मुद्दाम तिथे जाऊन बसली. डबा पायाशी ठेवला.

माईक खरखरला आणि धाकट्याचा आवाज आला. बाहेर दारात तो नुसता घुमल्यासारखा ऐकू यायचा. आज शब्द न् शब्द कळत होता.

"आमचे वडील कुलूपवाले," तो म्हणत होता. "त्यांच्या मते मी चोरांची शाळा काढलीय. शाळेची जागा त्यांच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. वीस वर्षं झाली, पण अण्णा काही तपासणीला आले नाहीत."

हॉल हसला. ताईच्या शेजारचा माणूसही हसला आणि तिच्याकडे वाकून म्हणाला, "दरवर्षी सांगतात हे. सुरुवातच याने होते."

"दरवर्षी?"

"हो, मी आठ वर्षं ऐकतोय."

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली होती. आणि हा इथे उभा राहून दरवर्षी हसत हसत तेच उगाळत होता, आणि आपण दाराबाहेर पिना वाटत होतो!

कारण अण्णा आले होते. अकराव्या वर्षी आले होते. याच खुर्चीवर बसले होते, त्यांनीच सांगितलं होतं.

अण्णांचं दुकान म्हणजे चौकातली एक लाकडी पेटी आणि वर छत्री. कुणाचं कुलूप अडकलं की लोक त्यांना घरी न्यायचे. दारापाशी पोहोचले की अण्णा आधी जमलेल्या माणसांकडे पाठ करून बसत. हात कुणाला दिसू देत नसत. "उघडणं हे दाखवायचं काम नाही," म्हणत. "ज्याचं दार त्याचं काम झालं, पुरे." आणि त्यांच्याच मुलाने दुसऱ्या वर्षी मंचावर, दिव्याच्या उजेडात, सगळ्यांकडे तोंड करून तीन कुलपं उघडून दाखवली. पेपरात फोटो आला. अण्णांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "चोरांची शाळा." त्यानंतर बापलेकांत "जेवलास का" आणि "हो" एवढंच उरलं. दोघंही हट्टी. मधे ताई, दोन्हीकडून बोलणी खायला.

ते आले ते गुपचूप, आणि जाताना तिला म्हणाले होते, "तू सांगू नकोस. सांगायचं तर मी सांगेन." ताईने मान हलवली. वाट पाहिली. अण्णांनी सांगितलं नाही, आणि मग सांगायला अण्णा राहिले नाहीत. दिलेला शब्द मात्र तिच्याकडे राहिला.

दिवसभर भाषणं होत राहिली. पासवर्ड कसे फुटतात, माणसं कशी फसतात. ताईला अर्धं कळलं, अर्धं नाही. शिडीवाला आता मोठा तज्ज्ञ झाला होता. त्याने शिडीचा किस्सा सांगितला तेव्हा लोकांनी दाराकडे वळून टाळ्या वाजवल्या. दारात यंत्राचा हिरवा दिवा तेवढा होता. जेवणाच्या सुट्टीत ती उठली नाही. शब्द मोडायचा की नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. मोडला तर बापाला दिलेला शब्द जातो, आणि एकोणीस-शून्यही जातं. नाही मोडला, तर पुढच्या वर्षी धाकटा पुन्हा तेच सांगून लोकांना हसवणार.

चार पन्नासला सूत्रसंचालन करणारी मुलगी हसत म्हणाली, "राखीव वेळ! यंदा तर यंत्रच आहे, तेव्हा चहा..."

"थांब गं," ताई उठून म्हणाली. "माझ्याकडे पास नाही."

सगळे वळले. आधी हशा पिकला, मग टाळ्या. ताई दोन रांगांमधून गुडघे सांभाळत पुढे गेली. पहिल्या रांगेत धाकटा वेळेच्या पाट्या घेऊन बसला होता: पाच, दोन, संपलं. पाहुणा कितीही मोठा असो, पाट्यांच्या बाबतीत तो कुणाची गय करत नसे. तोही हसत होता. मग त्याचं हसू मावळलं.

"ताई, तुझा पास... कुणी केलाच नाही?"

"राहू दे ते. कुणी दार धरलं ते पण विचारू नकोस." मागे दाढीने कपाळावर हात मारला. "घड्याळ लाव."

तिने माईक धरला नाही. डबा छातीशी धरून उभी राहिली.

"एकोणीस-शून्य खोटं आहे," ती म्हणाली. "अकराव्या वर्षी एक माणूस आत आला होता. पांढरा सदरा, हातात हत्यारांची पेटी. मला म्हणाला, आत कुलूप अडकलंय, बोलावलंय मला. कुणी बोलावलं नव्हतं. मी ओळखलं. आणि मान खाली घालून पिना मोजत बसले."

धाकट्याच्या हातातल्या पाट्या खाली आल्या.

"त्या वर्षी तू ते दवाखान्यांच्या दारांचं विजेवरचं कुलूप दाखवत होतास. सगळं दाखवलंस, आणि शेवटची पायरी आली तेव्हा पडदा बंद केलास. लोक ओरडत होते, दाखवा, दाखवा. बाहेर मला ऐकू येत होतं. तू काय म्हणालास ते लोकांकडून मागाहून कळलं: कंपनी दुरुस्त करेपर्यंत नाही."

"हो," धाकटा म्हणाला.

"तेव्हाच अण्णा बाहेर आले. त्यांना तुझं भाषण कळलं नव्हतं, तसं म्हणाले पण. मग चपला घालताना म्हणाले..." ताई थांबली. "म्हणाले, शेवटी पाठ करून बसला गं पोरगा. माझाच आहे."

कुणीतरी खुर्ची हलवली, मग तेही थांबलं.

"नियमाप्रमाणे ती दहा मिनिटं त्यांची होती. त्यांनी घेतली नाहीत, मला सांगूही दिलं नाही. मी शब्द पाळला. आज मोडला. झालं माझं."

धाकटा उठला. मंचाकडे येईल असं सगळ्यांना वाटलं. पण तो तिथेच उभा राहिला.

"कुठे बसले होते?"

"खांबामागे. शेवटची खुर्ची."

तो वळला आणि सगळ्या हॉलमधून चालत मागे गेला. लोक पाय आखडून वाट देत होते. खांबामागे तो दिसेनासा झाला. खुर्ची करकरली.

"ताई," तिकडून आवाज आला. "इथून काहीच दिसत नाही गं."

"दिसत नाही. ऐकू येतं."

घड्याळात अजून पाच मिनिटं होती. पाट्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पालथ्या पडल्या होत्या.

"मग परत सांग," धाकटा म्हणाला. "ते चपला घालतानाचं."