तीन निनावी अधिकारी

आमच्या विभागातल्या बोनारचा लेख सोमवारी छापून आला आणि त्यातल्या एकतिसाव्या तळटिपेवर मी अडकले. ‘ज्येष्ठ अधिकारी, नाव न सांगण्याच्या अटीवर, लेखकाने घेतलेली मुलाखत, जकार्ता, १२ मार्च, सकाळी अकरा.’

१२ मार्चला सकाळी अकरा वाजता माझा ज्येष्ठ अधिकारी, नाव न सांगण्याच्या अटीवर, माझ्यासमोर बसून तळलेली केळी खात होता.

आता जकार्तात ज्येष्ठ अधिकारी पुष्कळ आहेत. सकाळी अकराला रिकामे असलेलेही पुष्कळ आहेत. पण बोनारच्या अधिकाऱ्याचं वाक्य शब्दाला शब्द माझ्या अधिकाऱ्याचं होतं : ‘नकाशा उघडला आणि त्यांचे चेहरे पडले.’ मला पहिली शंका आली ती अशी, की बोनार टेबलाखाली होता. बोनार नव्वद किलोचा आहे. टेबल लहान होतं. शंका सोडून द्यावी लागली, पण मनाविरुद्ध.

शुक्रवारी माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. विषय : अकरा वर्षांपूर्वी बातम बेटावर मासेमारीच्या हद्दीवरून चाललेली बोलणी तिसऱ्या दिवशी का मोडली. माझं उत्तर : आमच्या देशाच्या बाजूने नकाशा उघडला, शेजाऱ्यांचं शिष्टमंडळ चिडलं आणि उठून गेलं. आमच्या धंद्यात एक गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली की ती खरी धरतात. माझ्याकडे तीन होती. एक माझा अधिकारी. दुसरा, बोनारच्या जुन्या लेखातला ‘वाटाघाटींच्या जवळचा माणूस’. तिसरं, हेर्लिनाबाईंच्या, आमच्या भाषेत इबू हेर्लिनांच्या, पुस्तकातलं ‘माहीतगार सूत्र’. इबू हेर्लिना म्हणजे या विषयातल्या सगळ्यात मोठ्या प्राध्यापक, आणि शुक्रवारच्या माझ्या परीक्षक. हे तिघे एकच निघाले तर माझा प्रबंध एका पायावर उभा होता, आणि तो पाय केळी खात होता.

सरळ विचारायची सोय नव्हती. मुलाखत देणाऱ्याचं नाव फोडणार नाही असं आम्ही सही करून देतो. त्यामुळे आमच्या विभागात सगळे सगळ्यांवर संशय घेतात आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. याला आम्ही संशोधनाची नीतिमत्ता म्हणतो.

मंगळवारी बोनार कँटीनमध्ये सापडला. तो मला दोन वर्षं सीनियर, म्हणून त्याला ‘बांग’ म्हणायचं, दादा म्हणतात तसं.

“बांग, तुझ्या माणसाला मिशा आहेत का?”

“कुठल्या माणसाला?”

“एकतिसाव्या.”

त्याने चमचा खाली ठेवला. “वेनिंग, तू मला वचन मोडायला लावतेयस. मी बाताक जमातीचा आहे. आम्ही आवाज चढवतो, वचन मोडत नाही.”

“नाव नको सांगूस. मिशा सांग.”

“मला काय ठाऊक? फोनवर मिशा ऐकू येतात?”

फोनवर. मला आठवलं. केळी अर्धी झाली होती तेव्हा त्यांचा फोन वाजला होता. माफी मागून ते खिडकीकडे वळले आणि वीस मिनिटं बोलले. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं वाईट, म्हणून मी ऐकलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून खात राहिले.

“बोलताना मध्येच ते काही वेगळं म्हणाले का?”

“म्हणाले. समोर एक मुलगी बसलीय, सगळी केळी संपवतेय.”

“सगळी म्हणाले?”

“सगळी.”



“आणि जुन्या लेखातला तो, वाटाघाटींच्या जवळचा?”

बोनार अचानक भाताकडे फार लक्ष देऊ लागला.

“बांग.”

“तेच. पण तेव्हा ते नोकरीत होते, आता निवृत्त आहेत. म्हणून मी वेगळे धरले.”

बुधवारी आम्ही दोघं बोगोरला त्या अधिकाऱ्यांच्या घरी गेलो. त्यांना इथे बापाक, म्हणजे श्रीयुत, कुंचोरो म्हणते. हे त्यांचं नाव नाही. वचन अजून लागू आहे.

गोड चहा आला. दोन संशोधक एकत्र पाहून बापाकांना आनंदच झाला.

“बापाक, बातमला तुम्ही त्या खोलीत होता ना?” मी विचारलं.

“दारात होतो. खाऊच्या डब्यांची जबाबदारी माझ्याकडे होती.”

आमच्याकडे खाऊच्या डब्यांशिवाय बैठक धरली जात नाही, तेव्हा पद मोठंच.

“मग नकाशा कसा पाहिलात?”

“मी कुठे पाहिला? नकाशाचं मला इबू हेर्लिनांकडून कळलं.”

बोनारचा कप बशीवर आपटला.

“त्या आल्या होत्या,” बापाक सांगू लागले. “एवढ्या शिकलेल्या बाई, एवढ्या उन्हातून. म्हणाल्या, नकाशा उघडला म्हणून ते चिडले असतील का? मी म्हटलं, असू शकेल.”

“पण तुम्हाला माहीत नव्हतं!” बोनार ओरडला.

“नव्हतं. पण बाळ, दारी आलेल्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मग त्यांचं पुस्तक आलं. चांगलं जाडजूड. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, नकाशामुळेच. तेव्हा माझी खात्री पटली. आता जो येईल त्याला मी खात्रीने सांगतो.”

“आणि चेहरे पडले, ते?”

“पान एकशे बारा.”

“मग ते लोक उठून का गेले?” मी विचारलं.

“त्यांच्या प्रमुखांची दाढ सुजली. मीच गाडीतून दवाखान्यात नेलं. साहेबांशिवाय बाकीचे बसेनात.”

“हे आजवर कोणालाच का नाही सांगितलंत?”

“दाढेचं कोणी विचारलंच नाही.”

त्यांचा चेहरा निष्पाप होता. माझा आता त्या दाढेवरही विश्वास बसेना.

परतताना बोनार म्हणाला, “शुक्रवारी गप्प बस. तू खोटं काहीच लिहिलेलं नाहीस. एकच गोष्ट तीनदा लिहिलीयस.”

“इबूंना माहीत असेल?”

“असेल तर त्या विचारणार नाहीत. नसेल तर काय विचारायचं ते त्यांना कळणार नाही. दोन्हीकडून तू डॉक्टर.”

शुक्रवारी तीन परीक्षक समोर बसले. इबू हेर्लिना मधोमध. पाऊण तास सगळं सुरळीत चाललं. मग इबूंनी चष्मा लावून चौथं प्रकरण उघडलं.

“नकाशाच्या मुद्द्याला आधार किती आहेत?”

माहीत असल्यामुळे विचारत होत्या की माहीत नसल्यामुळे, ते काही केल्या कळेना. तीस वर्षं अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचा चेहराही अधिकाऱ्याचा झाला होता.

‘तीन’ जिभेवर तयार होतं. तीन म्हटलं की मी डॉक्टर. मग पुढच्या वर्षी कोणीतरी मला वाचणार आणि आधार चार होणार. तो कोणीतरी माझा प्रबंध घेऊन बोगोरला जाणार, आणि बापाकांची खात्री आणखी पक्की होणार.

“एक, इबू.”

“एक?”

“आणि मी नीट मोजलं असेल तर तो तुम्ही आहात.”

नाव न घेता सगळं सांगितलं. डबे, दार, प्रश्न, ‘असू शकेल’, पान एकशे बारा. दाढही सांगितली, पण तिला आधार एकच आहे हेही सांगितलं. डावीकडच्या परीक्षकांनी टेबलावरची स्वतःच्या नव्या पुस्तकाची प्रत हळूच उचलून मांडीवर घेतली.

इबूंनी चौथं प्रकरण मिटलं.

“ऊन होतं, हे खरं आहे,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी फार ऊन होतं.”

मला बाहेर पाठवलं. पंचवीस मिनिटांनी आत बोलावलं. निकाल : प्रबंध तूर्त अमान्य, चौथं प्रकरण एका वर्षात पुन्हा लिहावं, पान एकशे बाराचा आधार घेऊ नये. हे शेवटचं इबूंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि पहिली सहीही त्यांचीच होती.

दाराबाहेर बोनार विभागातली वीस-पंचवीस माणसं जमवून उभा होता. हातात साटिनचा पट्टा, परीक्षा झाली की गळ्यात घालतात तो. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘डॉ. वेनिंग’. माझं तोंड बघताच त्याला कळलं.

“बोललीस ना खरं?”

“हो.”

“किती दिलं?”

“एक वर्ष.”

त्याने पट्ट्यातलं ‘डॉ.’ आतल्या बाजूला मुडपलं आणि पट्टा माझ्या खांद्यावर चढवला. “सरळ उभी राहा. एवढी माणसं आलीयत, फोटो तर होणारच.”

साटिन निसरडं असतं, घडी राहत नाही. म्हणून प्रत्येक फोटोत माझ्या खांद्यावर बोनारचा अंगठा आहे.