सुपरनोव्हा आणि नेलपॉलिशचा थेंब

मित्रांनो, मी एक जुना प्रक्षेपक आहे. निदान माझ्यासमोरच्या पाटीवर तरी तसं लिहिलंय, म्हणजे असेनच. पूर्वी तारांगणाच्या घुमटाखाली मी मधोमध उभा असायचो आणि अंगावरच्या बारीक भोकांतून उजेड सोडून छतावर आकाश काढायचो. आता मला बाहेर जिन्याखाली ठेवलंय. तुम्ही सहलीला येता, माझ्या पोटावर टिचकी मारता आणि विचारता, "हे काय रे? मोठा मुंगळा?" मारा टिचक्या, माझी ना नाही. पण जरा बसा. माझ्या डोक्यात एक गोंधळ आहे, आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

एका कारागिरानं माझ्या दोन्ही गोल डोक्यांवरचं एकेक भोक हातानं पाडलं. ठळक ताऱ्याला मोठं भोक, मंद ताऱ्याला लहान. एकदा ऐन भोक पाडताना त्याला शिंक आली आणि आकाशात नसलेला एक तारा माझ्याकडे आला. तो अजून कुणाच्याही लक्षात आलेला नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका.

माझ्या पोटात आणखी एक नळी होती आणि तिच्यात एक छोटासा दिवा. तो फक्त खेळाच्या शेवटी लागायचा. आमचे निवेदक अंधारात बोलत आणि बोलता बोलता माझी बटणंही फिरवत. ते सांगायचे, "मुलांनो, हा आपल्या सूर्यापेक्षा कितीतरी जड तारा. याच्या पोटातलं जळण संपलंय. आता याला स्वतःचंच वजन पेलवत नाही. गाभा आत कोसळतो आणि बाकीचं सगळं बाहेर उधळतं. हा सुपरनोव्हा!" मग ते गोल बटण फिरवायचे, घुमट लख्ख उजळायचा आणि मुलं ओरडायची, "आईशप्पथ!" हळूहळू पुन्हा अंधार व्हायचा. निवेदक म्हणायचे, "तारा संपला. पण तुमच्या रक्तातलं लोखंड अशाच ताऱ्यांकडून आलंय बरं का."

आता सांगा, मी रडायचं की टाळ्या वाजवायच्या? मला कधीच कळलं नाही.

त्या बटणाचं एक पथ्य होतं. ठरावीक जागेच्या पुढे फिरवलं की दिव्याची तार तुटायची. अंधारात डोळ्यांचा काय उपयोग? म्हणून बटणावर त्या जागी लाल नेलपॉलिशचा एक जाड थेंब होता. तो बोटाला लागला की थांबायचं. थेंब लावला होता निवेदकांच्या मुलीनं, आईची बाटली पळवून. तेव्हा ती एवढीशी होती. तान्ही असताना रडायला लागली की अख्खी गल्ली जागी व्हायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं भोंगा.

भोंगा शाळा सुटली की माझ्याशेजारच्या स्टुलावर बसायची आणि गुणगुणायची. तिचा आवाज घुमटात असा काही फिरायचा की माझ्या भिंगांना गुदगुल्या व्हायच्या. मोठी झाल्यावर ती एका गाण्याच्या स्पर्धेत उतरली आणि पहिली आली. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणू लागला, "काय पोरगी आहे! सुपरनोव्हा आहे, सुपरनोव्हा!"

अरे देवा, पोरीचं जळण संपलं की काय? पण लोक हसत होते, निवेदकांचा हात हातात घेऊन हलवत होते. तिकीटखिडकीतल्या मावशीसुद्धा आनंदानं डोळे पुसत म्हणाल्या, "आपला भोंगा सुपरनोव्हा झाला हो!" मी म्हटलं, या सगळ्यांनी आपला खेळ शेवटपर्यंत बघितलाय ना?

मग तिला जिकडेतिकडे बोलावणी यायला लागली. आज इथे गाणं, उद्या तिथे. एक दिवस ती स्टुलावर येऊन बसली आणि खाकरतच राहिली. डॉक्टरांनी बजावलं होतं की घशाला पूर्ण विश्रांती द्या, नाहीतर आवाज कायमचा जाईल. पण आमच्या मॅनेजरसाहेबांनी आधीच मोठ्ठा कार्यक्रम ठरवला होता. घुमटात तारा फुटणार आणि त्याच क्षणी भोंगा सगळ्यात वरचा सूर लावणार. निवेदक मुलीला म्हणाले, "एवढं एकच कर बाळा. मग हवी तेवढी झोप काढ." माणूस वाईट नव्हता हो. लेकीच्या कौतुकानं त्यांना दुसरं काही दिसेनासं झालं होतं, एवढंच.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तालीम झाली. दिवे मालवले. भोंग्यानं सूर लावला आणि तो मधेच चिरकला. निवेदकांचं बोट लाल थेंबाशी येऊन थांबलं.

"काय हे! उजेड कमी पडतोय," मॅनेजर अंधारातून ओरडले. "बटण पुढे न्या ना!"

"अजिबात नाही!" निवेदक कडाडले. "तार एकदा तुटली की तुटली, साहेब. दिव्याला झेपेल तेवढंच द्यायचं असतं." आणि लगेच लेकीकडे वळून म्हणाले, "चल गं, पुन्हा घे. जरा अजून वर."

सूर काही आला नाही. मग अंधारातून घोगरा आवाज आला, "बाबा, दिव्याला खूण आहे. मला कुठेय?"

मित्रांनो, बटणावरचं ते बोट लाल थेंबावरून सावकाश फिरलेलं मला कळलं. दुसऱ्या कुणाला ते दिसणं शक्य नव्हतं. निवेदकांनी दिवा हळूहळू खाली आणला, मोठे दिवे लावले आणि म्हणाले, "ही आज गाणार नाही."

"अहो, लोक सुपरनोव्हा बघायला येतायत!"

"मग दाखवतो की. त्यासाठी हा आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हा मात्र माझा भोंगा आहे." आणि त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी मी एकटाच फुटलो. लोक कुरकुरले, मॅनेजर कितीतरी दिवस फुगून बसले. भोंगा स्टुलावर बसून नुसत्या खाणाखुणा करायची. आवाज परत आला, पण अगदी पहिल्यासारखा नाही. थोडा खालचा, जाडसर. मला तोच जास्त आवडतो.

पुढे नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. धूळ फार बसते हो इथे. भोंगा अधूनमधून येते, ओढणीच्या टोकानं माझी भिंगं पुसते आणि बटणावरून बोट फिरवते. हल्ली ती बेतानं गाते, आणि पोट धरून हसते.

सुपरनोव्हा म्हणणं हे कौतुक की काळजी, ते मला आजही कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा. कुणाला म्हणायचंच असेल तर खुशाल म्हणा. पण टाळ्या वाजवून झाल्या की जवळ जाऊन एवढं विचारा, "दमलीस का गं?"

आणि टिचक्या कितीही मारा, पण बटणावरचा तो लाल थेंब नखानं खरवडू नका. भोंगा आली की तिचं बोट अजून तिथेच येऊन थांबतं.